वाऱ्याने पडल्यास

८ मे

आजपासून डायरी. मराठीत. इंग्लिशमध्ये तीन वेळा सुरू केली आणि तीन वेळा सोडली. मृदुंगाचे बोल इंग्लिश अक्षरांत लिहिले तर परत वाचताना शाम्पूच्या नावासारखे वाटतात. पहिलीपासून इंग्लिश मीडियम, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. चुकू देत. ही वही कुणी तपासणार नाहीये.

अब्बांनी कुवेतहून रेकॉर्डर पाठवला!! मुठीत मावतो, दोन माइक, टायमर लावता येतो. माझा प्रोजेक्ट: सुट्टी संपेपर्यंत भाट्याच्या पुलापलीकडचे, म्हणजे आमच्या बाजूचे, सगळे आवाज गोळा करायचे. नियम एकच. फाइल कापायची नाही. जे रेकॉर्ड झालं ते जसंच्या तसं ठेवायचं.

पहिली फाइल सदूआबांची. सदूआबा खालच्या वाडीच्या नमन मंडळात मृदुंग वाजवतात, पन्नासेक वर्षं तरी. शिमग्यात मंडळ घरोघरच्या अंगणात नमनाचा खेळ करतं, आमच्याही अंगणात येतं, तिसरा मान आमच्या घराचा असतो. यंदा ऐन आमच्या अंगणात त्यांच्या मृदुंगाच्या खोडाला चीर गेली. आता बाजारातून आणलेल्यावर भागवतायत.

मी विचारलं, "हा कसा आहे?"

"वाजतो," सदूआबा म्हणाले. "टीव्हीवरची माणसं बोलतात ना, तसा. आपल्याशी नाय बोलत."

मग नवीन कधी करणार, तर म्हणाले, "तो फणस पडला की."

"आमचा फणस?"

"तुमचा नाय गो. आमचा. तुमच्या जागेत हाय एवढंच."

हे काय प्रकरण आहे ते उद्या दादांना विचारणार.

९ मे

दादा म्हणजे माझे आजोबा, गुलाम रसूल होडेकर. तीस वर्षं जहाजावर होते, सारंग (खलाशांचा मुकादम) होऊन रिटायर झाले. सरळ उत्तर देत नाहीत. आधी चहा पितात.

तर प्रकरण असं. आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या जागेत, जो मोठा फणस आहे (बरका, फणस काढायला गेलं की हात दोन दिवस चिकट), त्याच्यावरून दादांच्या आजोबांचं आणि सदूआबांच्या आजोबांचं भांडण होतं. मंडळ म्हणायचं, आमचे मृदुंग याच झाडाचे. आमचे म्हणायचे, जागा आमची. शेवटी दोघांनी बसून ठरवलं. उभं झाड जागेवाल्याचं, फळं जागेवाल्याची. कापलं तर लाकूडही जागेवाल्याचं. पण वाऱ्याने पडलं, फांदी असो नाहीतर आख्खं झाड, तर लाकूड मंडळाचं.

"वाराच का?"

"वारा कोणाचा चुलता नाय," दादा म्हणाले.

आणि हे नुसतं बोलणं नाही! सातबाऱ्यावर आहे! दादांनी पत्र्याच्या पेटीतून उतारा काढून दाखवला. 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, त्यात लिहिलंय: फणस १, वाऱ्याने पडल्यास लाकूड नमन मंडळ, खालची वाडी. सरकारी कागदावर वारा! मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. दर्शन (आमच्या कॉलेजच्या नेचर क्लबचा प्रेसिडेंट) म्हणाला, एडिट केलायस.

फुटलेला मृदुंग याच झाडाच्या फांदीचा होता. ती फांदी दादा लहान असताना वादळात पडली. तेव्हा तिच्यावर बसून दादा आणि सदूआबा होडी-होडी खेळले होते.

१३ मे

आज अंगणात पांढरी गाडी. ऋत्विक म्हणून एक एजंट आहे, गॉगल डोक्यावर लावतो, डोळ्यांवर नाही. त्याने फणसाला टेप गुंडाळला आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, "सर, सिंगल पीस निघेल. आख्खा रिसेप्शन काउंटर एका तुकड्यात. मुंबईच्या पाहुण्यांना असलंच लागतं."

मी दादीला विचारलं, कसलं रिसेप्शन? मग कळलं. परडं विकलं गेलंय. म्हणजे जातंय. तीस मेला खरेदीखत. जागेत दादांसोबत त्यांच्या दोन्ही भावांची मुलं आहेत, कोण मुंब्र्यात, कोण दोहाला, एकूण नऊ सह्या. आठ जणांना विकायचंय. दादांनी एकट्याने किती वर्षं अडवून धरायचं? घर राहणार, परडं जाणार. रिसॉर्ट होणार.

मला कुणी सांगितलंच नाही.

"तू आवाज गोळा करत होतीस," दादी म्हणाली.

मी दादांकडे गेले. म्हटलं, मग आत्ताच फणस कापून मंडळाला देऊन टाका ना, सिंपल.

"कापला तर तो माझा. माझं जे हाय ते मी विकायचं कबूल केलंय. करारात झाडांसकट लिवलंय."

"मग गपचूप द्या."

"सद्या घेणार नाय. कापलेलं लाकूड मंडळ घेत नाय. आणि मी पण देणार नाय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तीस तारखेनंतर तो पोरगा करवत आणेल. मग संपलं."

म्हणजे खालच्या वाडीला फणसाचा मृदुंग हवा असेल तर झाड तीस मेच्या आत पडायला हवं, आणि ते वाऱ्याने. सतरा दिवस. झाड शंभराच्या वरचं आहे आणि मला तरी एकदम ठणठणीत दिसतं.

मला रडू येत होतं पण एक आयडियाही आली: निदान उभ्या झाडाचा आवाज तरी घेऊन ठेवायचा. लाकडी हातोडीने सगळीकडे ठोकून ठोकून रेकॉर्ड केलं. खालून वर आवाज चढत जातो. एका जागी, माझ्या खांद्याच्या उंचीला, इतका गोल आवाज येतो की मी दहा वेळा ठोकलं. सदूआबा दगडी गडग्यापलीकडून ऐकत होते.

"तिथंच," ते म्हणाले. "खोड तिथनंच निघेल."

१९ मे

समुद्रात कमी दाबाचा पट्टा. फोनवर अलर्ट आला, पिवळा होता तो दुपारी केशरी झाला. होड्या वर ओढल्या. दादी कौलांवर दोरी टाका म्हणून मागे लागलीय आणि दादा सकाळपासून गडग्यावर बसून आभाळ बघतायत. मला वाटलं टेन्शनमध्ये आहेत. जवळ गेले तर चक्क शीळ घालत होते.

दादी म्हणाली, "बघ कसा बसलाय. वादळ येतंय का व्याही येतोय?"

म्हटलं, दादा, भीती नाही वाटत?

"वादळाची? जहाजावर वाटायची. जमिनीवर वादळ आपल्याला शोधत येतं, आपण नाय जात त्याच्यात." मग बोट ओलं करून वर धरलं. "घर तेवढं सोड रे बाबा, पण ये."

हे मला कळलं नाही. लिहून ठेवते.

२२ मे

वादळ!!

पहाटे नाही, सकाळी साडेआठला. मला वाटायचं वादळाचा एकच आवाज असतो. नसतो. आधी वारा डोंगराकडून आला, तो माडांच्या झावळ्यांत शिट्टीसारखा. मग पत्रा. शेजारचा पत्रा उडून विहिरीवर आपटला तेव्हा मी रेकॉर्डर छातीशी धरून पलंगाखाली होते आणि तरी लेव्हल बघत होते. मधे अर्धा तास काहीच नाही, नुसतं पाणी गळल्याचा आवाज. दादी दुआ पुटपुटत होती, दादा खिडकीच्या फटीतून परड्याकडे बघत होते. हलले नाहीत. "अजून," असं म्हणाले एकदा. एकदा बाहेर करकर करकर असा लांबलचक आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग उघडले.

दुपारी दोनला थांबलं. आमचे तीन माड, एक कलम, विहिरीचा रहाट गेला. फणस उभा! म्हणजे तिरका. खाडीच्या बाजूला कललाय, डोंगराकडची मुळं जमिनीबाहेर आली आहेत, पण उभा आहे. फणससुद्धा लटकतायत अजून.

मी आनंदाने उड्या मारल्या. दादा घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हातारपणात एवढा ताण सोसत नाही.

२३ मे

लाइट नाही. सदूआबा बघायला आले. त्यांच्या घराची अर्धी कौलं गेली आहेत, पण आधी इकडे आले. झाडाला हात लावून उभे राहिले. मी म्हटलं, आबा वाचला ना! ते नुसतं "हं" म्हणाले.

दादा म्हणाले, "साला, बेशरम हाय."

"तुझ्यासारखाच," सदूआबा म्हणाले. "रसूलभाय, नऊवारी नेसवून मंडपात उभी केली, तरी नवरी बसत नाय म्हणते."

दोघं हसले. मग हसणं बंद झालं. "सात दिवस," दादा म्हणाले.

मला एकदम क्लिक झालं. झाड कललंय म्हणजे धोक्यात आहे, आणि धोक्यातलं झाड वाचवता येतं! दर्शनचा नेचर क्लब हेच तर करतो. झाड वाचलं, बातमी झाली, हेरिटेज झाड म्हणून नाव झालं, तर रिसॉर्टवाला कापायची हिंमतच करणार नाही. लगेच फोन केला (रेंज विहिरीपाशीच).

२४ मे

आजचा दिवस ग्रेट. दर्शन सात जणांना घेऊन आला. मच्छीमारांकडून जाड नायलॉनचा दोर मिळवला. तीन बाजूंनी झाडाला ताण द्यायचा, दोर पलीकडच्या चिंचेला आणि जांभ्याच्या खांबाला बांधायचे, असा प्लॅन. दर्शनला गाठी येत नव्हत्या. शू-लेससारखी मारत होता.

तेवढ्यात दादा आले. मला वाटलं ओरडतात आता. पण नाही! म्हणाले, "सरक. गाठ मी मारतो."

तिन्ही दोर त्यांनी स्वतः बांधले. सारंगाची गाठ काय सुंदर असते. दोराचं एक टोक बाहेर लोंबत ठेवतात. मी विचारलं ते कशाला, तर म्हणाले, "बंदरात असतीच अशी. जहाज धरते पण घट्ट, आणि निघायच्या वेळेला एक ओढ दिली की मोकळं." मलाही शिकवली. मला पाचव्यांदा जमली.

सदूआबा चिंचेखाली विडी ओढत बसले होते. "बांदा, बांदा," म्हणत होते. मला वाटतं त्यांना थोडं वाईट वाटतंय. पण झाडच राहिलं तर मृदुंगाची आशा राहते ना, पुढच्या कुठल्यातरी वादळाची.

दादांना मुळांमध्ये खूप इंटरेस्ट आला. दर्शनला विचारत होते, कुठली मुळं तुटली, आता नक्की कुठल्या मुळावर धरलंय, हे एवढं एकच का? दर्शनने सगळं काडीने दाखवून समजावलं. मला इतका अभिमान वाटला. या वयात शिकायची हौस.

रील टाकली. संध्याकाळपर्यंत चार हजार व्ह्यूज!

२५ मे

सदूआबांकडून दादांनी पहार आणि कुदळ आणली. म्हणे वादळात माड गेले, त्या जागी नवे लावायचे. दादी म्हणाली, "जी जागा पाच दिवसांनी दुसऱ्याची होणार तिथे माड लावतोयस?"

"दुसऱ्याने पण खोबरं खावं," दादा म्हणाले.

दादी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठून थर्मास घासायला घेतला. आमचा थर्मास ईदशिवाय कधी निघत नाही.

२६ मे

उद्यासाठी झाडाखाली रेकॉर्डर लावून आले. टायमर पहाटे पाचचा. पक्षी जागे होण्याच्या आधीची शांतता, मग पक्षी, आणि ताणलेल्या दोरांचा आवाज हवाय मला. गडग्याच्या फटीत बसवला. दादांनी बघितलं. "हा सगळं ऐकतो?" म्हणाले. म्हटलं, मुंगी चालली तरी.

"हं."

२७ मे, सकाळ

फणस पडला.

सहा चाळीसला घर हललं. मी तशीच पळाले. आख्खा आडवा, खाडीकडे डोकं करून. फांद्यांखाली फणस फुटून सगळीकडे गरे, तो गोड वास, आणि माशा आलेल्या सुद्धा. मी रडत होते. दादा आणि सदूआबा गडग्यावर बसले होते. दादीचा थर्मास मधे.

म्हटलं, आबा, तुम्ही इतक्या सकाळी?

"चालायला आलेलो गो," सदूआबा म्हणाले. त्यांच्या गुडघ्यांना माती.

मी दोर बघायला गेले. मला वाटलं तुटले असतील. तुटलेले नाहीत. तिन्ही दोर गुंडाळून नीट वेटोळी करून ठेवलेले. वाऱ्याने गाठ सुटू शकते, पण वारा वेटोळी करतो का? दादांना विचारलं. ते म्हणाले, "चहा पी."

रेकॉर्डर जागेवर होता. त्याच्यावर पावाची प्लास्टिकची पिशवी चढवलेली, माइकची बाजू फक्त उघडी, खाली सुतळीने बांधलेली. दव पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दर्शनने घातली असणार, केअरफुल मुलगा आहे. सुतळीला एक ओढ दिली, सुटली.

नऊ वाजता पांढरी गाडी. ऋत्विकने गॉगल पहिल्यांदा डोळ्यांवर घेतला. "काय चाचा, कापलंत?"

"वाऱ्याने पडला."

"कुठला वारा? पाच दिवस पानही हललेलं नाही." त्याने फोनवर हवामान काढून दाखवलं. "हे बघा, सकाळी सहा वाजता, सहा किलोमीटर. एवढ्यावर माझी टोपी पडत नाही."

"टोपी हायच कुठं डोक्यावर," सदूआबा म्हणाले.

ऋत्विक हसला नाही. म्हणाला, वादळाच्या नुकसानीचे पंचनामे चालूच आहेत, उद्या तलाठी मॅडम इथे येतायत. त्यात कारण लिहायला लागतं. वारा लिहिलं तर मंडळाने न्यावं, त्याला प्रॉब्लेम नाही. तोड लिहिलं तर लाकूड करारात. "आणि ती मुळं बघा ना, मुळं," असं म्हणून त्याने फोटो काढले.

मी तावातावाने म्हटलं, माझ्याकडे प्रूफ आहे! सगळं रेकॉर्ड झालंय! वारा होता की नव्हता ते उद्या सगळ्यांसमोर ऐकवते.

"बेस्ट," ऋत्विक म्हणाला.

सदूआबांनी कप खाली ठेवला. दादा मात्र माझ्याकडे बघून मान हलवत होते, जशी मी पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा हलवली होती.

२७ मे, दुपार

ऐकलं. हेडफोन लावून, दार बंद करून. दोन वेळा.

५.०० काहीच नाही, लांबून समुद्र. ५.०९ फजरची अजान, पुलापलीकडून. ५.२६ पावलं. ५.२८ प्लास्टिकची चुरचुर, अगदी माइकजवळ. मग खर्र, खर्र, खर्र. पहार. मातीत, मग मुळावर. चाळीस मिनिटं. मधे मधे खोकला, दादांचाच, ओळखीचा. मग तीन वेळा दोर जमिनीवर पडल्याचा आवाज.

मग दादा: "बस. आता हात नाय लावायचा."

सदूआबा: "थोडं ढकलू?"

"ढकललंस तर उद्या मी वाऱ्याचं नाव सांगणार नाय. खोटं नाय बोलणार मी सद्या."

"मग इतका वेळ काय केलास?"

"अडवलेलं सोडलं. पोरांनी बांधलेलं सोडलं, आणि त्या मुळाने धरलेलं. पाडायचं काम वाऱ्याचं."

"आणि नाय आला तर?"

"उजाडताना मतलय येते, जमिनीवरनं दर्यात जाणारं वारं. डोंगराकडनं. रोज येते. तीस वर्षं मी तिच्यावर शीड लावलंय."

मग वीसेक मिनिटं नुसती वाट. पक्षी सुरू होतात, आधी दयाळ, मग सगळे. थर्मासचं झाकण. आणि टकटक. सदूआबा बोटांनी झाडावर वाजवतायत, हळू, माझ्या खांद्याच्या उंचीच्या जागी असणार, तो गोल आवाज मी कुठेही ओळखेन. एक आवर्तन पूर्ण होतं, दुसरं होतं. दादा हळूच म्हणतात, "बाजूला हो रे, मरशील." टकटक थांबते.

६.३८. पानं. आधी थोडी, मग वरपर्यंत. खरंच वारा आहे, स्पष्ट ऐकू येतो, डाव्या चॅनलकडून उजवीकडे जातो. मग ती करकर, वादळात ऐकलेली तीच. आणि पडणं. ते आवाज म्हणून काही विशेष नाही, लेव्हल फाटलीय. त्याच्यानंतरचं ऐकण्यासारखं आहे. दोन म्हातारी माणसं हसतायत की रडतायत, कळत नाही.

आता काय?

मी नाचत सगळ्यांना सांगितलं की ऐकवते. चाळीस मिनिटं पहार आहे त्यात. हे चीटिंग आहे का? झाड पाडलं का पडलं? मी बांधलं नसतं तर आपणहूनच पडलं असतं का? मग माझे दोर हे पण चीटिंगच ना, उलट्या बाजूचं? ऐकवलं तर मंडळाचं लाकूड जातं. पहारीचा भाग कापला तर माझा नियम जातो, आणि दादा खोटं बोलत नाहीत ते मी बोलणार.

बाहेर आले तर दादी दादांच्या हातांना हळद लावत होती. तळव्यांवर मोठे मोठे फोड.

२८ मे

तलाठी मॅडम दुपारी बाराला आल्या, चिखलाच्या चपलांनी. म्हणाल्या आज अजून चौदा घरं आहेत, पटपट. अर्धी वाडी जमलेली. ऋत्विक फाइल घेऊन उभा. दर्शनही आला होता पण मागे उभा राहिला.

मॅडमनी सातबारा वाचला. 'वाऱ्याने पडल्यास' ला थांबून परत वाचला. "हे कुणी लिहिलं, कवी होता का?" म्हणाल्या.

ऋत्विक म्हणाला, "मॅडम, हिच्याकडे रेकॉर्डिंग आहे. ऐकाच."

सगळे माझ्याकडे.

"किती मोठं आहे?" मॅडम.

"दोन तास," मी म्हटलं. "मी कापलेलं नाही. कुठूनही ऐका. वारा सहा अडतीसला येतो."

"आणि त्याच्या आधी काय आहे?"

"आधी दादा आणि सदूआबा आहेत. वाऱ्याची वाट बघतायत."

"एवढ्या पहाटे?"

"हो. हात न लावता."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग मुळांच्या खड्ड्याकडे. मग दादांकडे. "चाचा, हाताला काय झालं?"

"माड लावतोय."

"कुठे लावले?"

"अजून लावायचेत," दादा म्हणाले.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी हेडफोन मागितला. मी सहा पस्तीसवर नेऊन दिला. त्या उभ्या उभ्या ऐकत होत्या. टकटक आली असणार, कारण त्यांचं बोट फाइलवर हलायला लागलं. मग थांबलं. त्यांनी डोळे मिटून मान थोडी डावीकडून उजवीकडे नेली. मग दचकल्या. तो पडण्याचा आवाज.

हेडफोन काढला. म्हणाल्या, "वारा आहे."

"मॅडम, पूर्ण ऐका ना," ऋत्विक म्हणाला. "आधीचं ऐका."

"माझ्या फॉर्ममध्ये कारणाला एकच ओळ आहे, मिस्टर. पडताना काय होतं ते लिहिते मी. त्याच्या आधी शंभर वर्षांत काय काय झालं ते लिहायला जागा नाही." आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. कारण: वारा.

ऋत्विक जाताना मला म्हणाला, "तू वकील हो." त्याला राग आला होता का, सांगता येत नाही. गाडी वळवताना फांद्यांतून एक न फुटलेला फणस उचलून डिकीत टाकला. फळ जागेवाल्याचं, त्यामुळे तो दादांना विचारून घेतला.

३० मे

खरेदीखत झालं. दादा पांढरा सदरा घालून रजिस्ट्रार ऑफिसला गेले आणि अकराला परत. अंगठ्यावर शाई. परड्याच्या दारात उभे राहिले, आत गेले नाहीत. मी म्हटलं, चला ना, अजून कोण अडवणार आहे? ते म्हणाले, "आता विचारून जायला लागेल." आणि पायरीवर बसून चप्पल काढली, घातली, परत काढली.

त्यांना अजून कशाचं वाईट वाटतंय ते मला नीट कळत नाही. लाकूड तर वाचलं.

६ जून

आज खोड खाडीत नेलं. मंडळाची दहा-बारा माणसं, दोन ओंडके, त्यातला एक माझ्या खांद्याच्या उंचीवरचा, त्या गोल आवाजाचा. ओलं लाकूड लगेच कोरलं तर फाटतं. दादांनी सांगितलं की पडावाचं, म्हणजे होडीचं, लाकूड पूर्वी खाडीच्या चिखलात पुरून ठेवायचे, खारं पाणी मुरलं की किडा लागत नाही आणि चीर जात नाही. मृदुंगाला असं कुणी केलेलं नाही. "करून बघू," सदूआबा म्हणाले. दोन वर्षं तरी लागतील, मग सावलीत वाळवायचं, मग कोरायचं.

दर्शन भेटला. म्हटलं, त्या दिवशी रेकॉर्डरला पिशवी घातलीस ते बरं झालं, नाहीतर दवाने गेला असता.

"कसली पिशवी? मी तर लांज्याला होतो, मावशीकडे."

म्हणजे मग कोण? पावाची पिशवी होती. आमच्या घरात पाव सकाळी फक्त एकच माणूस खातं.

ओहोटी होती. दादा गुडघाभर चिखलात उतरले, फोड अजून पूर्ण भरलेले नाहीत. ओंडक्याला दोर गुंडाळला आणि काठावरच्या खुंट्याला बांधायला लागले. मी रेकॉर्डर चालू करून जवळ धरला. गाठ बघून म्हटलं, ही ती नाहीये. टोक कुठंय लोंबणारं?

"ती बंदरातली," दादा म्हणाले. "ती सोडायसाठी असते. ही धरायसाठी. ही ओढून सुटत नाय, कापायलाच लागते."

सदूआबा काठावर उकिडवे बसून बघत होते. यंदा चौऱ्याहत्तर. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मग परत मोजलं.

"रसूलभाय," म्हणाले, "दोन वर्षं म्हणतोस ना?"

"दोन."

"मग थोडा दोर ठेव. मला पण त्याच गाठीनं बांध."

दादांनी खरंच दोराचं उरलेलं टोक उचललं, सदूआबांच्या मनगटाला एक वेढा दिला आणि गाठ मारली. सगळे हसत होते. सदूआबांनी हात झटकला, ओढला, दातांनी ओढला. सुटेना.

"सोड मेल्या आता, भरती येईल."

"कापायला लागेल," दादा म्हणाले. "मनाल, तुझ्याकडे सुरी हाय?"

माझ्याकडे होती. मी नाही म्हटलं.